रेमिट प्रतिनिधी कोणाला नेमावा आणि अधिकारपत्रात काय लिहावं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. कंपनी दुबईत नोंदलेली आहे. ट्रेडर तिथेच बसतात. कन्फर्मेशन, सेटलमेंट आणि कम्प्लायन्स पुण्याच्या ऑफिसातून चालतं. टीटीएफवर (नेदरलँड्समधला गॅस बाजार) गॅस आणि जर्मन वीज, दोन्हींचे सौदे तुम्ही ब्रोकरमार्फत करता. पुढच्या वर्षी एलएनजीचं (द्रवरूप नैसर्गिक वायूचं) एखादं कार्गो घ्यायचा विचार आहे. ब्रोकरच्या केवायसी फॉर्ममध्ये ‘युरोपीय संघातील रेमिट प्रतिनिधी’ असा रकाना आला (रेमिट म्हणजे संघाचा घाऊक वीज-गॅस बाजाराचा नियम) आणि तुम्ही अडलात. सौद्यांचा डेटा आरआरएम (नियामकाकडे डेटा पोचवणारी नोंदणीकृत संस्था) पाठवतो, व्हॅटसाठी नेदरलँड्समध्ये एक प्रतिनिधी आहेच, मग हा आणखी कोण? आणि एक फर्म वर्षाला काहीशे युरोंत नाव-पत्ता वापरू देते, तेवढ्यावर भागेल का? नसेल, तर तोवर रकाना रिकामा ठेवायचा का, आणि चुकलं तर दंड किती?

केवायसीचा रकाना भरण्यापुरतं कदाचित भागेल. पण खरा प्रश्न पुढचा आहे. नियामकाचं पत्र त्या पत्त्यावर आलं, तर तिथल्या माणसाला तुमचे सौदे, ऑर्डर आणि चॅट ठरल्या मुदतीत उभे करता येतील का? प्रतिनिधी कोण असावा, किती पैसे द्यावे, अधिकारपत्रात काय लिहावं, हे सगळं त्या एका उत्तरावर ठरतं.

कायद्याची बाजू थोडक्यात. रेमिट म्हणजे युरोपीय संघाचा २०११ सालचा १२२७ क्रमांकाचा नियम. घाऊक वीज आणि गॅस बाजारात आतल्या (जाहीर न झालेल्या) माहितीवरचा व्यापार आणि भावाशी खेळ, या दोन गोष्टींना त्यात बंदी आहे. २०२४ साली ११०६ क्रमांकाच्या नियमाने त्यात मोठे बदल झाले आणि ते ७ मे २०२४ पासून लागू झाले. तोवर संघाबाहेरच्या कंपनीने एखाद्या सदस्य देशात नोंदणी केली की काम भागायचं. आता त्याशिवाय, जिथे ती व्यापार करते अशा सदस्य देशात लेखी अधिकारपत्राने प्रतिनिधी नेमावा लागतो. जुन्या कंपन्यांना त्यासाठी ८ नोव्हेंबर २०२४ पर्यंतची मुदत होती. ती कधीच उलटून गेली आहे, त्यामुळे तुमची कंपनी आधीपासून सौदे करत असेल तर हे काम थकीत समजा आणि पुढच्या तिमाहीवर ढकलू नका.

‘आम्ही तर दुबईतून ट्रेड करतो’ हा बचाव इथे चालत नाही. संघात पुरवल्या जाणाऱ्या वीज-गॅसचे करार आणि त्यांवरचे डेरिव्हेटिव्ह, कुठेही आणि कसेही खरेदी-विक्री झाले तरी रेमिटच्या कक्षेत येतात. ट्रेडर कुठल्या खुर्चीवर बसलाय यापेक्षा माल कुठे उतरतो हे बघतात. ब्रिटन आणि स्वित्झर्लंड मात्र संघात नाहीत. ब्रिटनचा स्वतःचा वेगळा रेमिट आहे आणि तिथला नियामक ऑफजेम. तुमचे सौदे फक्त ब्रिटिश एनबीपी गॅसचे असते तर चित्र बदललं असतं. टीटीएफ नेदरलँड्सचा आणि वीज जर्मनीची, म्हणजे तुमच्या बाबतीत शंकेला जागाच नाही.

एलएनजीबद्दल इथेच सावध करतो, कारण तिथे भले भले चुकतात. ज्या व्यवहारात संघातली डिलिव्हरी लिहिलेली आहे, किंवा ज्याचा शेवट संघातल्या डिलिव्हरीत होतो, किंवा ज्यातला एक पक्ष संघात एलएनजीचं पुन्हा गॅसमध्ये रूपांतर करतो, अशा व्यवहाराचा डेटा एलएनजी बाजाराचा डेटा म्हणून एसरकडे, म्हणजे संघाच्या ऊर्जा नियामक संस्थेकडे, जावा लागतो. त्यात नुसते झालेले सौदेच नाहीत, तर बोली आणि देकारही आले. दाहेजला उतरायचं ठरलेलं कार्गो भाव बघून रॉटरडॅमकडे वळवलं, तर ज्या क्षणी तो नवा सौदा झाला त्या क्षणी तुम्ही या कक्षेत आलात. शिवाय हा डेटा दुसऱ्या दिवशी नव्हे, जवळजवळ लगेच द्यायचा असतो. कार्गो डेस्क आणि गॅस डेस्क वेगळे असतील तर कार्गो डेस्कला हे कोणी सांगितलेलंच नसतं. पहिलं कार्गो घेण्याआधी सांगा.

आता तीन प्रतिनिधींचा गोंधळ. आरआरएम हा डेटा वाहून नेणारा. ठरलेल्या साच्यात सौदे एसरला पोचवणं एवढंच त्याचं काम, आणि नियामकाने ‘हा सौदा का केला?’ असं विचारलं तर त्याच्याकडे उत्तर नसतं. व्हॅटचा प्रतिनिधी करखात्यापुढे उभा राहतो. त्याच्या करारात ऊर्जा नियामकाचा उल्लेखही नसेल, काढून बघा. रेमिटचा प्रतिनिधी म्हणजे राष्ट्रीय नियामक आणि एसर यांचे आदेश व माहितीच्या मागण्या तुमच्या वतीने, तुमच्यासोबत किंवा तुमच्याऐवजी, स्वीकारणारा आणि त्या पूर्ण होतील हे पाहणारा. तिन्ही कामं एकाच फर्मने करायला हरकत नाही, पण करार तीन हवेत. व्हॅटच्या करारात ‘आणि इतर नियामक बाबी’ अशी ओळ घुसडून रेमिटचं अधिकारपत्र तयार होत नाही. आणि कोणालाही नेमलं तरी कंपनीची स्वतःची जबाबदारी तिच्याच डोक्यावर राहते.

देश कुठला निवडायचा, हे परिस्थितीवर आहे. नियम म्हणतो, जिथे तुम्ही बाजारात सक्रिय आहात असा देश. तुमच्यापुढे दोन सरळ पर्याय आहेत: नेदरलँड्स, नियामक एसीएम, किंवा जर्मनी, नियामक बुंडेसनेट्झआगेंटूर. नोंदणी संघात एकाच नियामकाकडे करायची असते, आणि प्रतिनिधी व नोंदणी एकाच देशात ठेवायची. ‘माल्टात स्वस्त पडतं’ म्हणून जिथे तुमचा एकही सौदा नाही असा देश धरू नका. पहिल्याच फेरीत विचारणा होईल. आधीची नोंदणी आहे का हेही तपासा. पाच-सात वर्षांपूर्वी कोणीतरी सल्लागारामार्फत ऑस्ट्रियात केलेली नोंदणी तशीच पडून आहे आणि आता सगळे सौदे डच आहेत, असं सर्रास दिसतं. अशा वेळी प्रतिनिधी नेमण्याआधी नोंदणी कुठे ठेवायची ते दोन्ही नियामकांना लेखी विचारून घ्या. उत्तर यायला वेळ लागतो, पण ते ईमेल पुढे ढाल म्हणून उपयोगी पडतं.

संघात तुमची शाखा असेल तर? इथे ठोक उत्तर नाही. शाखा ही वेगळी कायदेशीर व्यक्ती नसते, म्हणून शाखा आहे एवढ्यावर ‘आम्ही संघातलेच’ असं गृहीत धरू नका. विचारा.

प्रतिनिधी म्हणून साधारण तीन प्रकारचे लोक पुढे येतात. समूहातली एखादी युरोपीय कंपनी असेल तर मी आधी तिच्याकडे बघतो, कारण तिला तुमच्या सिस्टिममध्ये प्रवेश देणं सोपं असतं आणि तिथे निदान एक तरी माणूस गॅस डे म्हणजे काय ते जाणतो. अडचण अशी की पुनर्रचनेत अशा कंपन्या बंद होतात आणि त्यांच्या अंगावर हे काम होतं हे कोणाच्या लक्षात राहत नाही. दुसरा प्रकार वकिलांची फर्म. पत्राची भाषा त्यांना चांगली कळते. पण तुमचा बचाव करणारा वकील आणि नियामकाला माहिती मिळवून द्यायला बांधील असलेला प्रतिनिधी ही एकच व्यक्ती असली, की चौकशी सुरू झाल्यावर तिची कोंडी होते. अशील आणि वकील यांच्यातली गोपनीयता कुठे संपते यावर वाद उभा राहतो. तेव्हा फर्म नेमलीच तर बचावासाठी दुसरी फर्म ठेवा. तिसरा प्रकार, हेच काम करणाऱ्या सेवा कंपन्या. त्यांच्यात चांगल्याही आहेत आणि नुसता पत्ता विकणाऱ्याही. फरक ओळखायला एकच प्रश्न पुरतो: ‘आमच्या ऑर्डर लॉगपर्यंत तुम्ही कसे पोचणार?’ ज्याला हा प्रश्न ऐकून आश्चर्य वाटलं, तो पत्ता विकतोय. काहीशे युरोंची फर्म बहुधा याच वर्गातली असेल.

अधिकारपत्राचा मसुदा वकिलाकडून घ्या, पण आत काय हवं ते तुम्ही सांगा. दोन्ही पक्षांची पूर्ण कायदेशीर नावं, नोंदणी क्रमांक, तुमचा वीस अक्षरी एलईआय (कंपनीचा जागतिक ओळख-कोड) आणि असल्यास बारा अक्षरी एसर कोड. नाव एलईआयच्या नोंदीत आहे अक्षरशः तसंच लिहा. दुबईच्या कंपन्यांच्या नावामागे डीएमसीसी, एफझेडई अशी शेपटं असतात. ती एका कागदावर आहेत आणि दुसऱ्यावर नाहीत, एवढ्यावरून अर्ज परत आलेला असतो. मग अधिकार: कोणाकडून आलेली पत्रं स्वीकारायची (राष्ट्रीय नियामक आणि एसर, दोघंही), ती कंपनीच्या सोबत की ऐवजी, आणि उत्तर देण्याचा अधिकार आहे की फक्त स्वीकारण्याचा. नुसता स्वीकारण्याचा ठेवला तर नियमाचा हेतू साधत नाही. सहकार्य करण्यासाठी लागणारे अधिकार आणि साधनं प्रतिनिधीला देणं हे नियमानेच तुमच्यावर टाकलंय.

‘साधनं’ हा शब्द बहुतेक मसुद्यांत येतो आणि तिथेच थांबतो. त्याला हातपाय फोडा. पत्र आल्यावर प्रतिनिधीने किती तासांत कळवायचं? मी ‘त्याच कामाच्या दिवशी’ असं लिहून घेतो. कोणाला कळवायचं? दोन नावं दुबईत, दोन पुण्यात, आणि एक सामाईक ईमेल. कारण माणसं नोकऱ्या बदलतात, सामाईक ईमेल बदलत नाही. डेटा कुठून काढायचा, कोण काढणार, आणि कंपनीकडून उत्तरच आलं नाही तर प्रतिनिधी थेट कोणाच्या दारात जाणार? ते दार संचालक मंडळातल्या एका नावाचं असावं. कम्प्लायन्सचा माणूस रजेवर असताना ट्रेडिंग हेडने ‘थांबा, आधी मी बघतो’ म्हणत आठवडा घालवायचा, हा प्रकार त्याने बंद होतो.

बाकीची कलमं: प्रतिनिधीचं नुकसान झालं तर भरपाई, त्याचा व्यावसायिक विमा, शुल्क (वार्षिक ठोक रक्कम वेगळी आणि मागणी आल्यावरचे तास वेगळे, हे नीट बघा), आणि करार संपवणं. संपवण्याच्या कलमावर वेळ घाला. प्रतिनिधीने तीस दिवसांची नोटीस देऊन हात वर केले आणि तुमचा नवा माणूस तीस दिवसांत ठरला नाही, तर मधल्या काळात तुम्ही सौदे करताय आणि प्रतिनिधी नाही. नव्वद दिवस मागा, आणि नव्याचं नाव नियामकाकडे पोचेपर्यंत जुना कायम राहील असं लिहा. शिवाय चौकश्या जुन्या सौद्यांच्या होतात. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या एखाद्या आठवड्याबद्दल पत्र येतं, तेव्हा जुन्या प्रतिनिधीकडचे कागद कोणाकडे जातील हेही ठरलेलं हवं.

तुमच्या बाबतीत भारताचा संबंध सह्यांच्या निमित्ताने येतो. अधिकारपत्रावर सही करणारा संचालक पुण्यात असेल आणि प्रतिनिधीने किंवा त्याच्या बँकेने सही प्रमाणित करून मागितली, तर आपल्याकडे पहिलं नाव निघतं अपोस्टिलचं, म्हणजे कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय मारतं त्या शिक्क्याचं. नेदरलँड्ससाठी ते ठीक. जर्मनीने मात्र अपोस्टिल करारात भारत सामील झाला तेव्हा आक्षेप नोंदवला, त्यामुळे जर्मन कार्यालयात भारतीय अपोस्टिलचा शिक्का चालेल असं धरून चालू नका. तसं रेमिटला अधिकारपत्र फक्त ‘लेखी’ हवं असतं. म्हणून प्रमाणीकरण खरंच कोण मागतंय आणि कुठल्या स्वरूपात, हे आधी विचारा. मंत्रालयाच्या फेऱ्या नंतर. जाता जाता: हे सौदे पुण्याच्या भारतीय कंपनीच्या नावावर आणायचा विचार कोणी मांडलाच, तर आधी फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) जाणकाराला भेटा. परदेशी बाजारात भावाच्या जोखमीचं हेजिंग (जोखीम झाकण्यापुरते सौदे) करायची मुभा रिझर्व्ह बँकेच्या अटींवर आहे. नुसत्या नफ्यासाठी व्यापार करणं त्यात बसत नाही.

नोंदणीचा क्रम असा ठेवा. आधी सौद्यांची यादी: उत्पादन, डिलिव्हरीचा देश, कुठल्या मंचावर, मागच्या बारा महिन्यांत किती. त्यावरून देश. मग अधिकारपत्रावर सह्या. मग नोंदणीचा अर्ज, एक तर सेरेम्प या सामाईक नोंदवहीत किंवा त्या देशाच्या नियामकाच्या स्वतःच्या पोर्टलवर. अर्जाचे पाच भाग असतात: कंपनी, संबंधित व्यक्ती, अंतिम नियंत्रण कोणाच्या हातात, समूहातल्या इतर नोंदलेल्या कंपन्यांशी नातं, आणि तुमच्या वतीने डेटा पाठवणारा आरआरएम. प्रतिनिधीचं नाव, पत्ता, ईमेल आणि फोन नियामकाला कळवायचा असतो. नवी कंपनी असेल तर हे सगळं पहिल्या सौद्याआधी व्हायला हवं, सौदा करून मग अर्ज असं नाही. संबंधित व्यक्तींमध्ये ट्रेडिंगचे निर्णय घेणारा, कामकाजाचे निर्णय घेणारा आणि संपर्काचा माणूस अशी तीन कामं येतात. तिन्ही ठिकाणी एकच नाव टाकायचा मोह होतो. तो माणूस गेला की तिन्ही रकाने एकदम खोटे ठरतात, आणि बदल वेळेवर न कळवणं हाही नोंदणीच्या कलमाचा भंगच.

दंडाचं विचारलंत म्हणून आकडे. सुधारित नियमानुसार कंपन्यांसाठी कमाल दंडाची मर्यादा मागच्या वर्षाच्या एकूण उलाढालीवर ठरते: आतल्या माहितीवरचा व्यापार किंवा भावाशी खेळ केल्यास निदान १५ टक्के, आतली माहिती जाहीर न केल्यास २ टक्के, आणि नोंदणी व डेटा पाठवण्याच्या कलमांसाठी १ टक्का. हा एक टक्का लहान वाटतो, पण तो उलाढालीवर आहे, नफ्यावर नाही. गॅस ट्रेडिंगमध्ये उलाढाल अवाढव्य आणि मार्जिन बारीक असतं. कंपनीचं एका वर्षाचं मार्जिन काढा आणि हा आकडा शेजारी ठेवा; काहीशे युरो वाचवण्याचा मुद्दा मीटिंगमध्ये पुन्हा निघणार नाही.

आता माहितीची मागणी प्रत्यक्षात कशी दिसते. एखाद्या एक्स्चेंजच्या किंवा ब्रोकरच्या सर्व्हेलन्सने संशयास्पद वाटलेला प्रकार नियामकाला कळवलेला असतो. पत्रात एक ठरावीक काळ दिलेला असतो आणि त्या काळातले तुमचे सगळे सौदे, सगळ्या ऑर्डर (रद्द केलेल्यासुद्धा), ओपन पोझिशन (न मिटलेले सौदे), ट्रेडरची नावं, ब्रोकरशी झालेलं चॅट आणि फोन, आणि त्या सौद्यांमागचा विचार मागितलेला असतो. घोटाळे कुठे होतात ते बघा. तुमची ट्रेडिंग सिस्टिम फक्त झालेले सौदे साठवते, रद्द केलेल्या ऑर्डर ब्रोकरच्या स्क्रीनवरच राहून गेलेल्या असतात; त्या ब्रोकरकडून मिळवायला आठवडा जातो. वेळा तीन घड्याळांत असतात: एक्स्चेंजचा लॉग यूटीसीत, डिलिव्हरी मध्य युरोपीय वेळेत (तिथला गॅस डे सकाळी सहाला सुरू होतो), आणि तुमच्या एक्सेल फाइली दुबईच्या वेळेत. तिन्ही एकत्र चिकटवून पाठवल्या की तुमच्या ट्रेडरने बातमी येण्याआधीच सौदा केला असं कागदावर दिसू शकतं. नसलेला गुन्हा असा स्वतःच्या हाताने तयार होतो. नोकरी सोडलेल्या ट्रेडरची मेलबॉक्स आयटीने काही महिन्यांत पुसलेली असते. आणि खरं बोलणं व्हॉट्सॲपवर झालेलं असतं, त्या ट्रेडरच्या खाजगी फोनवर.

म्हणून अधिकारपत्रावर सह्या झाल्या की महिन्याभरात एक तालीम घ्या. मागच्या तिमाहीतला कुठलाही एक आठवडा निवडा. प्रतिनिधीला सांगा, नियामकाचं पत्र आल्यासारखं ईमेल पाठव, शक्यतो शुक्रवारी दुपारी. बॉनमध्ये दुपारचे चार म्हणजे पुण्यात उन्हाळ्यात साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ. तेव्हा ते ईमेल कोणी उघडलं इथूनच मोजायला सुरुवात करा. मग ऑर्डर, सौदे, चॅट आणि एक पानी स्पष्टीकरण प्रतिनिधीच्या हाती पडायला किती कामाचे दिवस लागले ते लिहून ठेवा. पहिल्या खेपेला दहाच्या आत आलात तर उत्तम. कुठला तुकडा सर्वांत उशिरा आला, तो कोणाकडे अडकला होता, हे कळलं की पुढचं काम ठरलंच. दुसरी तालीम दिवाळीच्या आठवड्यात घ्या. पुण्याचं ऑफिस रिकामं असतं, युरोपला मात्र सुट्टी नसते.

केवायसीचा रकाना तोवर रिकामा ठेवायचा का, असं विचारलंत. ब्रोकरला लेखी कळवा की नेमणूक सुरू आहे, अमुक देशात, अमुक तारखेपर्यंत. आणि ती तारीख अशी द्या की पाळता येईल. पत्ता विकणाऱ्या फर्मचं नाव तात्पुरतं म्हणून टाकू नका. ते नाव ब्रोकरच्या नोंदीत राहतं आणि दोन महिन्यांनी नियामकाकडचं नाव वेगळं निघालं, की त्याचाच खुलासा करत बसावं लागतं.